लग्नाच्या शेवया

नेमका आजचाच दिवस का धरला, ते सासू सांगत नव्हती.

ओकदानच्या नवऱ्याची, मान्सोकची, होडी समुद्रात होती, परवाशिवाय येणार नव्हती. "त्याच्या सहीचा शिक्का माझ्या कनवटीला आहे ना? मग तो कशाला हवा? चल," एवढंच म्हातारी म्हणाली आणि तराफ्याचा दोर ओढायला लागली. ओकदानने पाठीवरचं पोर सावरलं आणि दोराला हात लावला. पलीकडे सोक्चो गाव, आणि गावात नोंदणीची कचेरी.

दोन दिवसांत घरी परतू म्हणून युद्धात उत्तरेकडून पळून आलेल्या लोकांनी वाळूच्या पट्टीवर झोपड्या घातल्या होत्या. युद्ध थांबून आठ महिने झाले तरी तिथेच होते. कागदपत्रं सगळी तिकडे राहिलेली. मूळ गावच्या कुणी शपथेवर ओळख दिली की इथे कुटुंबाची नवी नोंद व्हायची. ती असेल त्यालाच महिनाअखेर बाजारात पक्की जागा. ओकदान राळ्याचा भात आणि तिखट लावून आंबवलेले मासे विकायची, तेही रस्त्यावर बसून. पोलिसाने दोनदा टोपलीला लाथ घातली होती.

अडचण एकच. मान्सोकची एक बायको होती. तिकडून निघताना हुंगनामच्या धक्क्यावर, बोटीत चढायच्या रेटारेटीत तिचा हात सुटला. मेली की जगली, कुणाला ठाऊक नाही. हे कचेरीत कळलं की ओकदान ठेवलेली बाई आणि पोर बिननावाचं.

दोन वर्षं सासू एकच बोलत होती. "माझी सून जिवंत असेल तर? मी नाही खोट्यावर शिक्का मारायची." मग गेल्या महिन्यात ती जुमुन्जिनच्या बाजारातून आली, दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साक्षीदार मी आणते."

पाणी कुठेतरी मुरत होतं. ऐन वेळी साहेबासमोर तोंड उघडायचं आणि आपल्याला हाकलायचं, असाच म्हातारीचा बेत असणार. म्हणून तर लेक घरी नसतानाचा दिवस धरला.

साक्षीदार कचेरीच्या दाराशीच उभी होती. तिशीची बाई, पायात पुरुषी रबरी बूट, बाहीवर माशाचे खवले. "मी कुमसिल. तुमच्या मालकांच्या गावची," ती म्हणाली.

ओकदानने वीस सुक्या माशांची माळ पुढे केली.

"राहू दे गं. आधी काम होऊ दे."

आत कारकून शेगडीवर हात शेकत होता. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि कुमसिलकडे पाहिलं.

"मान्सोकला ओळखता?"

"एका विहिरीचं पाणी प्यायलो, साहेब."

"सव्विसाव्या वर्षी इकडे आला. घरातला थोरला. तुमच्या हामग्योंग प्रांतात तर मिसरूड फुटायच्या आत लग्न उरकतात. हाच बरा मोकळा राहिला?"

सासूचे ओठ हलले.

"ह्या म्हातारीची जीभ ऐकलीय का तुम्ही?" कुमसिल म्हणाली. "त्या घरात मुलगी कोण देणार? तिखट विकत आणावं लागत नव्हतं त्यांना!"

बाकावरची माणसं हसली. एरवी म्हातारीने तिची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली असती. आज मात्र ती जमिनीकडे बघत बसली. ओकदानला ते आणखीच भिववून गेलं.

कारकून हसला नाही. "खोटी साक्ष म्हणजे तुरुंग. उद्या तिकडची बायको उगवली, तर हिचं नाव खोडणार, पोराचंही खोडणार, आणि तुम्ही आत. शेवटचं विचारतो. त्याचं लग्न झालं होतं?"

ओकदानच्या पाठीवरचं पोर शिंकलं, तशी कुमसिलने त्याच्याकडे पाहिलं.

"चाळीस घरांचं गाव आमचं," ती म्हणाली. "लग्न कुणाकडेही असो, शेवया उकळायला मीच असायची. त्या घरात लग्नाच्या शेवया कधी शिजल्या नाहीत. तिकडून कुणी बायको यायची नाही. लिहा."

कारकून सासूकडे वळला. "काय आजी, खरं का हे?"



"ती सांगते तसं लिहा," शेवटी म्हातारी म्हणाली आणि कनवटीचा शिक्का काढून तिने टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर ओकदानला रडूच फुटलं. तिने कुमसिलचे हात धरले, माळ पुन्हा पुढे केली. कुमसिलने ती घेतली नाही.

"पोराचं नाव काय?"

"सोकी."

"कान झाकत जा त्याचे. वारा वाईट आहे इथला."

मग तिने म्हातारीला वाकून नमस्कार केला. म्हातारीने तोंड फिरवलं. जुमुन्जिनचा ट्रक उभाच होता, कुमसिल मागच्या टोपल्यांमध्ये चढून बसली.

ओकदान कागद उराशी धरून उभी राहिली. पोराला बापाचं नाव मिळालं. महिनाअखेर बाजारात जागा मिळेल, आता लाथ मारायची कुणाची हिंमत नाही. उगाच म्हातारीवर संशय घेतला म्हणून तिला लाज वाटली. ट्रक सुरू झाला.

"सूनबाई!" सासूने हाक मारली.

दोन वर्षांत म्हातारीने तिला 'ए बाई' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. ओकदानचे डोळे पुन्हा भरून आले. "काय, आई?" म्हणत ती वळली.

म्हातारी ट्रकच्या मागे धावत होती.