न हलणारी ज्योत

सकाळी दवाखान्यातून फोन आला. फकिराची बायको मथुरा गेली होती. दुपारी तिला घरी आणलं, संध्याकाळी नेलं. हॉलमध्ये जिथं तिला ठेवलं होतं, त्या जागी फकिराच्या थोरल्या बहिणीनं, अंजनाबाईनं, दिवा लावला. दहाव्यापर्यंत तो विझता कामा नये, असं तिनं सगळ्यांना बजावलं. पंखा लावायचा नाही. दार उघडं टाकायचं नाही.

खिडकीचं सांगायची गरज नव्हती. रुआबांधा वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये हॉलला एकच खिडकी, आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून कूलर उभा. आतल्या खोलीत एसी आल्यापासून कूलर बंदच होता, पण तो कोणी काढला नाही. काढला असता तर बाहेरची, पोलाद कारखान्याची लाल धूळ आत आली असती. फटींमध्ये मथुरेनं जुन्या साड्या कोंबल्या होत्या. तिच्या घरात कुठंही बोट फिरवा, धूळ लागायची नाही. फकिराला त्याचा अभिमान होता.

मथुरेचा खोकला जाईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, घरात हवा खेळती ठेवा. फकिरानं दुसरा पंखा आणला.

मथुरा तांदूळ निवडायला जिन्यात जाऊन बसायची. कावून बसतं, असं फकिरानं विचारलं तर म्हणायची, इथं बरं वाटते. अंजनाबाई टोमणा मारायची, हिले घर गोड लागत नाही, गप्पा गोड लागतात. जिन्यात गप्पा मारायला तर कोणी नसायचं.

चौथ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. उदबत्तीचा धूर छताखाली साचला होता. ईरा, फकिराची नात, खोकायला लागली. सुनेनं, नूतननं, तिला दम्याचा पंप दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. फकिराचा मुलगा प्रफुल्ल गाडीची चावी शोधू लागला. तोवर नूतन तिला उचलून जिन्यात घेऊन गेली.

फकिरा मागोमाग गेला. मथुरेच्या पायरीवर बसल्या बसल्या ईराचा श्वास हळूहळू लांब झाला. ती आजोबांकडे पाहून हसली.

सुतकात दारात बसू नका, असं आतून अंजनाबाई ओरडली. नूतन पोरीला घेऊन आत आली. ईरा परत खोकू लागली.

फकिरा दिव्यासमोर उभा राहिला. ज्योत सरळ होती, भिंतीवर रंगवल्यासारखी. इतकी माणसं आली, गेली, पण त्यानं ती एकदाही हललेली पाहिली नव्हती.

तो खिडकीपाशी गेला आणि कूलरची दोरी सोडू लागला.

"फकिरा, दिवा विझन," अंजनाबाई म्हणाली. "मंग मथुरेले वाट दिसन कशी?"

"तिले वाट माहीत हाये, बाई. रोज जिन्यात जाऊन बसत होती ते."

अंजनाबाईचा हात पदरावरच थांबला. प्रफुल्लनं चावी ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं कूलर धरला. "बाबा, छोड़ो मत, मी ओढतो." कूलर किंचाळत मागे सरकला. त्याच्यामागची भिंत खालपासून वरपर्यंत काळी पडली होती. बुरशीचा वास आला. मथुरेची खाट याच भिंतीला लागून होती.

फकिरानं साड्या उपसल्या. तावदान अडकलं होतं. त्यानं खांदा लावला.

वारा आला. कॅलेंडर फडफडलं, छताखालचा धूर फाटला, पाहुण्यांनी माना वर केल्या. ज्योत आधी वाकली, मग विझली. नूतननं ईराला खिडकीपाशी उभं केलं. पोरीनं तोंड बाहेर काढून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग खालच्या कुत्र्याला हाक मारली.

संध्याकाळी ईरा खिडकीखालीच झोपली, तोंड मिटून. फरशीवर लाल धुळीचा थर आला होता आणि तो कोणी पुसला नव्हता.

अंजनाबाई काडेपेटी घेऊन दिव्यापाशी बसली. काडी ओढली, वाऱ्यानं विझली. दुसरीही विझली. तिनं खिडकीकडे पाहिलं. उठली, तावदानाला हात लावला, आणि झोपलेल्या पोरीकडे पाहून हात मागे घेतला. मग काडेपेटी कमरेला खोचून ती ईराच्या उशाशी जाऊन बसली.

दिवा लावायचा राहिला.