पौषातले घोडे

"हलू नकोस गं, बिथरतील," महेंद्र कुजबुजला.

समृद्धीने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला. मोहन्याला नदीकाठी धुकं होतं आणि धुक्यात तीन घोडे चरत होते.

"खरंच जंगली आहेत? कल्याणच्या इतक्या जवळ?"

"थंडीतच उतरतात इथे."

कसले डोंबलाचे जंगली! पौषात लग्नं नाहीत, म्हणून दगडू घोडेवाल्याने चरायला सोडलेले वरातीचे घोडे हे. ठाण्याच्या ऑफिसात तिच्यासमोर भाव खाताना महेंद्र थाप मारून बसला आणि ही बया खोपटहून पहाटेच हजर! त्यात रविवारी तिच्या घरी दोघांच्या लग्नाची बोलणी. आज थाप उघडी पडली तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

पलीकडच्या रस्त्यावरून एक टेम्पो गाणं वाजवत गेला. पांढऱ्या घोडीने कान टवकारले आणि ती पुढचे पाय तालात उचलू लागली.

"अय्या, नाचतेय ही!"

महेंद्रला घाम फुटला. तेवढ्यात कोंड्याचं पोतं खांद्यावर घेऊन खुद्द दगडूच धुक्यातून आला. झालं, मेलो! महेंद्रने मान वळवली.

"काका, घोडे तुमचे का?" समृद्धीने विचारलं.

दगडूने महेंद्रकडे पाहिलं. मग तिच्याकडे, मग कॅमेऱ्याकडे.

"नाय ओ ताई. रानातले हायत. मुकं जनावर, म्हणून मी आपला कोंडा टाकतो."

"पण ही तर नाचत होती!"

"थंडीनं पाय आखडतात तिचं."

घोडी येऊन दगडूच्या खांद्याला मान घासू लागली. त्याने तिला हळूच दूर लोटलं. ते बघून महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची लाज वाटली. आत्ताच खरं सांगून टाकावं असंही वाटलं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"काका, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

"हां साहेब," म्हणून दगडू झाडाआड गेला.

फोटो काढत काढत समृद्धी पाण्याच्या कडेने लांब गेली. दगडूने रिकामं पोतं झटकून त्याची घडी घातली आणि महेंद्रजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं,

"रविवारी पोरीकडं तुझा बाप म्हणून मी येऊ, का गोविंदामामाला धाडू?"