खाली जायचंय

"आधीच्या दोन डॉक्टरांनी नकार दिला," अच्युतराव म्हणाले. "तुम्ही तरी नाही म्हणू नका."

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. अंदमानातल्या एका लांबच्या बेटावर स्कूबा डायव्हिंग, नोव्हेंबरमध्ये. वय त्रेसष्ट. हृदयात दोन स्टेंट.

"बोटीतून समुद्र बघा की, काका. खाली कशाला जायचंय?"

"आमची मुलगी तिथे डायव्हिंग शिकवायची. दोन वर्षांपूर्वी खाली गेली, ती वर आलीच नाही. सापडलीही नाही." त्यांनी फॉर्म पुन्हा पुढे सरकवला. "तिकिटं काढलीत, बोट ठरवलीय. ती जागा दाखवणारा माणूस सोबत उतरणार आहे. सहा महिने तलावात शिकलोय मी. फक्त तुमची सही हवी. मला काही झालं तर जबाबदारी माझी, तसं लिहून देतो."

"तुम्हाला खाली काही झालं, तर सोबतचा माणूसही वर येणार नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

आता कुणाकडे जायचं, ते अच्युतरावांना सुचेना.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुलभाताईंनी, फॉर्म ओढून घेतला. मुलगी गेल्यापासून त्यांनी समुद्राकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्याच हट्टापायी दोघं रत्नागिरीचं घर सोडून कराडला आली होती. पर्समधलं पेन काढून त्यांनी नवऱ्याचं नाव खोडलं आणि वर आपलं लिहिलं.

"पोहायला मला हे शिकवतील," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तुम्ही मला तपासून घ्या."