पिटक्रेलचं दुसरं मत

"दोन आणि दोन. बरोबरी," कारकून म्हणाला, आणि सगळ्यांनी एबेनेझर लुम्सडेनकडे पाहिलं.

एबेनेझरनं हात टेबलाखाली घेतले. शिडं शिवून शिवून ते राठ झाले होते. चार गावांचा मिळून एक खासदार. प्रत्येक गावाच्या पंचांनी आपला एक माणूस मत द्यायला पाठवायचा. बरोबरी झाली तर ज्या गावाची पाळी, त्याच्या माणसानं आणखी एक मत द्यायचं, अशी स्कॉटलंडातली तेव्हाची रीत. बाकीच्या जनतेनं खिडकीखाली उभं राहून बोंबलायचं. या खेपेला पाळी पिटक्रेलची होती. चौघांतलं सगळ्यात लहान गाव, एरवी त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

पहिलं मत त्यानं पंचांनी सांगितलं तसं मताचा हक्क वाढवा म्हणणाऱ्या सुधारणावाल्या गिलरॉयना दिलं होतं. दुसऱ्याबद्दल पंच काही बोललेच नव्हते. बरोबरी होईल असं त्या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गिलरॉयच्या विरोधात उभ्या असलेल्या सर लॉरेन्सच्या मात्र आलं होतं. सकाळीच त्यांनी एबेनेझरला बाजूला घेतलं होतं. "वेळ आलीच तर दुसरं मत मला द्या. हिवाळ्याआधी तुमच्या बंदराला दगडी बांध."

पिटक्रेलच्या बंदराचं तोंड उघडं होतं. पूर्वेचा वारा सुटला की परतणाऱ्या बोटी घराच्या दारात फुटत. एबेनेझरचे दोन मुलगे तसेच गेले होते, किनाऱ्यावर उभ्या आईच्या डोळ्यांदेखत. आता एकटा आर्ची उरला होता, आणि तोही दर्यावरच जायचा.

सर लॉरेन्सचं बोलणं ऐकून आर्ची जिन्यातच उसळला होता. "बाबा, भीक कशाला घ्यायची? गिलरॉय जिंकले की मत आपल्या हातात येईल. मग बांध हक्कानं बांधून घेऊ. दोघा दादांची शपथ आहे तुम्हाला."

"ए शिंप्या!" खालून कुणीतरी ओरडलं. "जीभ शिवून घेतलीस काय?" लोक हसले. त्या हसण्यात आर्चीचं हसू एबेनेझरला बरोबर ओळखू आलं. मेलेल्या दोघांचंही अगदी तसंच होतं.

"गिलरॉय," तो म्हणाला.

आर्चीनं बापाला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. म्हातारा रडत होता. लोकांना वाटलं, आनंदानं. थोडा आनंद होताही.

पुढच्या उन्हाळ्यात मताच्या हक्काचा नवा कायदा झाला. पिटक्रेलमध्ये रात्रभर शेकोट्या पेटल्या. मग कळलं, मत फक्त वर्षाला दहा पौंड भाडं येईल अशा घराच्या मालकाला. गावात अशी घरं अकरा निघाली. शिडांच्या मोठ्या शेडमुळे एबेनेझर त्यांत बसला. आर्चीच्या झोपडीची कुणी मोजदादही केली नाही. "चला, मत नाही तर नाही, मासे तर आहेत," तो बायकोला म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

नव्या मतदानाचा दिवस डिसेंबरात आला. ज्यांना मत नव्हतं त्यांना सुट्टी कसली? आर्चीची बोट पहाटेच गेली होती. दुपारी वारा फिरून पूर्वेचा झाला.

मतदानाच्या टेबलाशी गिलरॉय स्वतः उभे होते. त्यांनी एबेनेझरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"साहेब, बांधाचं काय झालं?"

"लुम्सडेन, तुमच्यापासून काय लपवायचं? आता चारी गावांची मतं एकत्र मोजायची. तुमचे अकरा मतदार, पलीकडच्या गावाचे सहाशे. बांध आधी तिकडे होणार."

"मागच्या खेपेला तुम्ही माझ्या एका मतावर निवडून आलात."

"आलो ना," गिलरॉय मायेनं म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "एका माणसाच्या मतावर सगळं ठरावं, हा अन्यायच होता. म्हणून तर तो कायदा बदलला."

कारकुनानं नाव विचारलं. एबेनेझरनं सांगितलं नाही. तो वळला आणि उताराच्या वाटेनं बंदराकडे चालू लागला. मागून त्याला कुणी हाक मारली नाही. गावाची उरलेली दहा मतं त्यांना पुरेशी होती.

वाळूवर बायका शाली घट्ट ओढून उभ्या होत्या. बंदराच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं पांढरं झालं होतं, आणि त्यापलीकडे एक तपकिरी शीड उठत होतं, पडत होतं. ते शीड त्यानंच शिवलेलं होतं.

त्याची सून एफी नजर न हलवता म्हणाली, "लवकर आलात, बाबा. मत देऊन झालं?"

"झालं," तो म्हणाला. "मागच्या खेपेलाच देऊन झालं."