तिसऱ्या रांगेतले डोळे

"सगळ्यांचे डोळे उघडे पाहिजेत," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "आणि याचे तर एकदम टक्क. समोर रोखून पाहतोय असं वाटलं पाहिजे."

बोटाखाली तिसऱ्या रांगेतला एक माणूस होता.

मुकुंदराव नागपूरजवळच्या वाडी गावातल्या संत्रा-सरबताच्या कंपनीत प्रसिद्धीचं पाहत. कंपनीच्या वर्धापनदिनाचे फोटो काढायला त्यांनी चंद्रभानला बोलावलं होतं. मालकांनी भाषण ठोकलं, पेढे वाटले, कामगारांना बाकांवर चढवून हसवलं. त्या हसण्याचं कॅलेंडर निघणार होतं. बाटलीच्या चित्रापेक्षा हसरा माणूस जास्त माल खपवतो, हे मुकुंदरावांचं गणित. सरबत पिणाऱ्याला वाटावं, संत्री पिळणारेही मजेत आहेत. खरं कोण पिळलं जातं, ते कॅलेंडरवर छापायची पद्धत नसते.

डोळे उघडण्यात चंद्रभानचा हात नागपुरात कोणी धरू शकत नव्हतं. हा हुन्नर त्याने मेलेल्यांवर कमावला होता. गरिबाच्या घरी जिवंतपणी फोटो कोण काढतो? माणूस गेला की लोक चंद्रभानकडे धावत. तो प्रेताला भिंतीशी टेकवून बसवी, फोटो काढी आणि प्रिंटवर मिटलेल्या पापण्यांच्या जागी बारीक ब्रशने डोळे रंगवी. शेवटी बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका. तो ठिपका ठेवण्याआधी मेलेल्याचं नाव विचारून घ्यायचं आणि ओठातल्या ओठात म्हणायचं, हा त्याचा नेम. नाव घेतल्याशिवाय नजर द्यायची नाही. रंगवलेल्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढला की खरं-खोटं कुणाच्या बापाला कळत नसे.

पण त्यापायी लोक त्याला मुर्देवाला म्हणत. लग्नाला कोणी बोलवत नसे. एका नवरीच्या बापाने तर त्याला मांडवाच्या दारातून परत पाठवलं होतं, कॅमेरा गळ्यात असताना. आता कॅलेंडरच्या फोटोखाली त्याचं नाव छापायचं कंपनीने कबूल केलं होतं. तेवढं झालं की तो जिवंत माणसांत येणार होता.

तो प्रिंट घेऊन बसला. बाकीचे कामगार एखाद्या फोटोत पापणी मिटून होते, दुसऱ्यात नव्हते. तिसऱ्या रांगेतला तो मात्र प्रत्येक फोटोत डोळे मिटूनच. फ्लॅशचा बल्ब तोंडावर फुटला की माणूस दचकतो, चेहरा आकसतो. याचं काहीच हललं नव्हतं. हसला होता तोही सगळ्यांच्या नंतर, पुढच्या फोटोत. हनुवटी जरा वर. दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्याला दंडाला घट्ट धरलं होतं.

असं धरलेलं चंद्रभानने खूपदा पाहिलं होतं. प्रेताला तसं धरतात.

तो नाव विचारायला वाडीला गेला. फाटकातून आत डोकावताच संत्री साठवायच्या थंड खोलीकडून उग्र वास आला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. ती बाजू फोटोत घ्यायची नाही, असं मुकुंदरावांनी फंक्शनच्या दिवशीच बजावलं होतं. फाटकावर नत्थूजी चौकीदार होता. चंद्रभानने प्रिंट पुढे केला.

"हा कोण गा?"

नत्थूजीने पाहिलं आणि मान फिरवली. "असा माणूस कामावर नाही."

"मंग फोटोत कसा आला?"

"फोटो तू काढला न? मले काहून विचारून राहिला?"

"नाव तरी सांग. नावाबिगर माझं काम होत नाही."

"त्याचं नाव इथं कोणी घेत नाही," नत्थूजी खालच्या आवाजात बोलला आणि त्याने फाटक ओढून घेतलं.

मुकुंदरावांचा निरोपावर निरोप येत होता. चंद्रभानने नाव न घेताच ठिपका ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. डोळे मात्र असे उतरले की मुकुंदराव बराच वेळ त्या एकाच चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि खूश होऊन गेले.

कॅलेंडर विदर्भभर गेलं. सीताबर्डीच्या दुकानांत, पानठेल्यांवर, सलूनमध्ये, सगळीकडे ते हसणं टांगलं गेलं. खाली चंद्रभानचं नाव. लग्नाची बोलावणी येऊ लागली. मुर्देवाला म्हणणारे आता चंद्रभानजी म्हणू लागले.

पण तो माणूस पाठ सोडेना. न्हाव्याने गळ्यावर वस्तरा टेकवला की आरशातून तो बघे. पानठेल्यावर चुना लावणाऱ्या हातामागून बघे. चंद्रभानने घरातलं कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं, तरी पाठीला नजर जाणवायची. मेलेल्याला आपण नाव न घेता नजर दिली, ती आता आपल्यालाच लागली, अशी त्याची खात्री झाली.

उन्हाळ्यात एका दुपारी एक बाई स्टुडिओत आली. हातात तेच कॅलेंडर, घडी केलेलं.

"डोळे उघडणारे तुम्हीच काय?"

"मी ते काम सोडलं, बाई," चंद्रभान म्हणाला. मग तिच्याकडे पाहून त्याला राहवलं नाही. "कव्हा गेले?"

बाईने दाराकडे बोट केलं. "बाहेर आहेत," ती म्हणाली.

म्हणजे गाडीवर आणलं असणार, पांढऱ्या कापडाखाली. त्याने ब्रशची डबी उचलली. "कोण लागत होते तुमचे? नाव काय?"

"माझे मालक. शालिकराम."

ते नाव ओठातल्या ओठात म्हणत तो दारात आला आणि थबकला.

तिसऱ्या रांगेतला तो दाराशी उभा होता. हनुवटी जरा वर, एक हात चौकट चाचपत. पावलांचा आवाज ऐकून तो हसला, जरा उशिराच. पापण्या मिटलेल्या, आतून चिकटल्यासारख्या.

"थंड खोलीतला गॅस सुटला, तव्हा गेले यायचे डोळे," बाई मागून बोलली. "कंपनी म्हणे, कामावर असं झालंच नाही. नावच काढून टाकलं. म्हणून संगच्या माणसायनं यायले धरून फोटोत उभं केलं. मिटलेले डोळे छापून येतीन, सगळ्यायले दिसतीन म्हणून."

तिने कॅलेंडर उलगडून त्याच्यासमोर धरलं.

"काल भरपाईच्या केसमंदी कंपनीच्या साहेबानं कोर्टात हे दाखवलं. जजसाहेब म्हणाले, याले तर चांगलं दिसते."