विझलेले कण

“टेबलाला धक्का लावू नकोस गं, चित्र तयार होतंय,” प्रयोगशाळेतला एव्हर्ट म्हणाला. गुनवोर दोन पावलं मागे सरली.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पोलादातल्या सुया एकेक करून रंगत होत्या. मोडक्या आसाचा तो तुकडा तिने बाबांच्या खिडकीत ठेवलेला होता, तिथून उचलून आणला होता. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते.

आस मोडला त्याला बत्तीस वर्षं झाली. तो तापवून, विझवून कडक केला त्या दिवशी भट्टीवर बाबा होते, आणि भट्टीच्या तक्त्यावर तापमान भलतंच चढलेलं दिसलं. चौकशीत बाबा एवढंच म्हणाले, “मला डुलकी लागली.” भट्टी सुटली. गोदामात झाडू हाती आला.

त्याआधीचे बाबा तिला लख्ख आठवत. पोलादाचा लालिमा बघून तापमान सांगणारे. दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी भुरकणारे, आणि भुरकता भुरकता भट्टीच्या गोष्टी सांगणारे. गोदामात गेल्यावर कॉफी राहिली, गोष्टी संपल्या. एकदा ती चिडून म्हणालीही होती, “झोपा काढायला जात होता का तिथे?” ते नुसते हसले होते.

आता तिला ती डुलकी डोळ्यांनी बघायची होती. बघून माफ करायची होती.

“तापलेल्या पोलादाचे कण विझवल्यावर उरत नाहीत,” एव्हर्ट म्हणाला. “पण त्यांच्या जागी येणारी प्रत्येक सुई मूळ कणाशी ठरलेला कोन धरून बसते. सगळे कोन जुळवले की गेलेला कण पुन्हा आखता येतो. भट्टी फार तापली असेल, तर तो मोठा निघेल.”

कण बारीक निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीकच.

“अगं, म्हातारा चक्क खोटं बोलला!” एव्हर्ट ताडकन उठला. “भट्टी अगदी बरोबर होती. आस दुसऱ्याच कशाने मोडला. तापमापक चुकीचं जुळवलेलं होतं, म्हणून तक्ता चढला. तेवढं बोलला असता तर सुटला असता की! फार तर तापमापक जुळवणाऱ्याला गचांडी मिळाली असती. कोण होतं गं तेव्हा त्या कामावर?”

दर उन्हाळ्यात कामगारांच्या मुलांना कारखान्यात सुट्टीतलं काम मिळायचं. त्या वर्षी गुनवोर सतरा वर्षांची होती. बाबा स्वतः तिला साहेबांपुढे घेऊन गेले होते.

“पोरीचा हात स्थिर आहे,” ते म्हणाले होते. “तिला तापमापकांवर घ्या.”