हाच तो आवाज

कानांच्या दवाखान्यात तपासणाऱ्या मॅडमनी यंत्राची चकती केसभर फिरवली आणि स्पीकरमधली शिट्टी आणखी बारीक झाली.

"हाच. दिवसरात्र माझ्या कानात वाजतो तो हाच," नवरा म्हणाला.

"कामावर जायची वेळ झाली की जरा जास्तच वाजतो," बायकोने टोमणा मारला. पत्रे ठोकायच्या कारखान्याने कानांची वाट लावली, नोकरी सोडतो, असं तो केव्हापासून म्हणत होता. पण घर त्याच्याच पगारावर चालायचं, म्हणून ती विषय उडवून लावायची.

शिट्टी थांबेना. तिचं डोकं भणभणायला लागलं. "मॅडम, बंद करा हो ते."

मॅडमनी बटण दाबलं. सुटल्यासारखं वाटून तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजूनही जबडा आवळून तसाच बसला होता.



"अहो, उद्या राजीनामा देऊन टाका."